थ्रो सेकंडला पोचत नाही म्हणून लगेच हाताला दोष देऊ नका

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १२ वर्षांची, वर्षभर झालं सॉफ्टबॉलमध्ये कॅचर म्हणून (बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला बॉल पकडणारी) खेळतेय, बॉल छान पकडते, ब्लॉकिंगही (टप्पा पडलेला बॉल अंगाने अडवणं) बरं आहे, पण पहिल्या बेसवरून पळालेल्या रनरला बाद करायला सेकंड बेसला मारलेला थ्रो एकतर उंच जाऊन आरामात खाली येतो नाहीतर दोन टप्पे खात पोचतो आणि तोपर्यंत रनर बेसवर उभी राहून पँटची माती झटकत असते. कोच म्हणतात हातात जोर नाही, पुशअप मारायला लावा, लांब थ्रो मारायला लावा. आणि तुम्ही विचारताय की हात कसा मजबूत करायचा. मी स्वतः १५ वर्षं मिट (कॅचरचा जाड ग्लव्ह) घालून प्लेटमागे (होम प्लेट, जिथे बॅटर उभी असते) बसलेय आणि त्यानंतर लहान कॅचर पोरीच शिकवत आलेय, त्यामुळे आधीच सांगून टाकते की या वयात हाताचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याच्या आधी पाय, मग मिटमधून बॉल काढणं, मग कंबर, आणि हे सगळं जागेवर बसलं की हात काय करतो ते बघायचं.

थोडं गणित करू, म्हणजे माझं म्हणणं पटेल. सॉफ्टबॉलच्या मैदानात बेस ६० फुटांवर असतात, त्यामुळे होम प्लेटपासून सेकंड बेस तिरका धरला तर जवळजवळ ८५ फूट म्हणजे साधारण २६ मीटर येतो. समजा तुमची मुलगी ताशी ७० किमी वेगाने बॉल मारते, तर बॉलला तिथे पोचायला साधारण १.३३ सेकंद लागतात. हाच वेग ८० वर नेला तर १.१६ च्या आसपास. म्हणजे ताशी १० किमी वेग वाढवून हातात काय पडलं, सेकंदाचा सहावा भाग. आणि हा १० किमी वाढायला या वयात वर्ष दीड वर्ष सहज जातं, उंची वाढावी लागते, वजन वाढावं लागतं. उलट बॉल मिटमध्ये आदळल्यापासून हातातून सुटेपर्यंतचा वेळ बघा, लहान कॅचरना तिथे एक सेकंद, कधीकधी त्याच्याही वर लागतो, आणि नीट शिकवलेली पोरगी तेच काम पाऊण सेकंदात करते. हे पाव सेकंद दोन-तीन महिन्यांत मिळतं, एक ग्रॅमही ताकद न वाढवता. रनर पिचरच्या हातातून बॉल सुटल्यावरच बेस सोडू शकते, बॉल प्लेटपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर जातं, त्यानंतर जे काय ते तुमच्या मुलीच्या हातात. त्या वेळात पाव सेकंद म्हणजे रनरचं साधारण एक पाऊल, आणि सेकंड बेसवरचा सेफ-आउटचा फरक बहुतेक वेळा याहून कमीच असतो.

मिटमध्ये बॉल आदळल्याचा आवाज ते शॉर्टस्टॉपच्या (सेकंड बेसवर थ्रो घ्यायला येणारी फील्डर) ग्लव्हमध्ये बॉल पोचल्याचा आवाज, याला पॉप टाइम म्हणतात. तो मोजतात सगळे, पण नुसता एकूण आकडा मोजून काहीच कळत नाही. मोबाईल घ्या, स्लो मोशन लावा, बाजूने उभे राहा म्हणजे पिचर एका बाजूला आणि कॅचर तुमच्यासमोर आडवी दिसेल, आणि ५-६ थ्रो शूट करा. बहुतेक फोन २४० फ्रेमवर शूट करतात आणि दाखवताना आठ पट हळू दाखवतात, म्हणजे स्क्रीनवरचे ८ सेकंद म्हणजे खरा १ सेकंद. आता तुकडे पाडा. बॉल मिटला लागला तिथपासून बॉल उघड्या हातात येईपर्यंत किती, तिथून बॉल सुटेपर्यंत किती, आणि हवेत किती. मी पैजेवर सांगते, पहिले दोन तुकडे बघून तुम्हालाच धक्का बसेल. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिच्या आईचं म्हणणं हात कमजोर आहे, व्हिडिओ बघितला तर पोरगी बॉल पकडून सरळ उभी राहायची, मग मिटमध्ये हात घालून बॉल शोधायची, मग एक उडी, मग अजून एक छोटी उडी, आणि मग थ्रो. हात बिचारा ठीक होता, त्याची पाळी यायलाच उशीर होत होता.

आता बसण्यापासून सुरू करू. बेसवर कोणी नसेल तेव्हा तिने आरामात बसावं, काही प्रॉब्लेम नाही. पण पहिल्या बेसवर रनर आली की बैठक बदलायला हवी. पाय खांद्यापेक्षा जरा जास्त रुंद, ढुंगण थोडं वर, मांड्या जमिनीला साधारण समांतर, वजन चवड्यांच्या आतल्या बाजूवर, टाचा टेकलेल्या दिसल्या तरी त्यावर भार नको, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मागे, इतकाच की उजव्या पायाची बोटं डाव्या पायाच्या मध्यावर येतील. (ती डावखुरी असेल तर मी सांगतेय ते सगळं आरशात बघितल्यासारखं उलट करून वाचा.) उजवा हात मिटच्या मागे, मूठ सैल, अंगठा आत दडवलेला. काही जणी हात पाठीमागे किंवा घोट्यामागे ठेवतात, फाउल टिपची (बॅटला चाटून मागे येणारा बॉल) भीती असते त्यामुळे बेस रिकामे असताना ते बरोबरच आहे, पण रनर असताना हात मागून आणायला लागणारा वेळ परवडत नाही. मिटच्या मागे, मिटला चिकटून नाही, दोन-चार बोटांचं अंतर ठेवून.

बॉल पकडताना लहान मुली एक चूक हमखास करतात, घाईघाईत मिट पुढे नेऊन बॉलला गाठायला जातात. हात पूर्ण ताणून बॉल घेतला की तोच हात परत छातीपर्यंत आणावा लागतो, म्हणजे मिट दोनदा प्रवास करतं. कोपर थोडं वाकलेलं ठेवून बॉलला येऊ द्यायचं. आणि पकडायच्या आधी उठायचं नाही. अंपायरने दिला असता तो स्ट्राइकही (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चांगला बॉल) जातो त्यात, बॉल सुटतो ते वेगळंच. मी मुलींना सांगते, आधी बॉल, मग बेस. हवेतला बॉल कोणी सेकंडला फेकू शकत नाही.

बरं, आता खरी गंमत मिटमध्ये आहे, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. बॉल मिटमधून हातात कसा येतो. बहुतेक मुली मिट समोरच ठेवतात आणि उजवा हात तिथे नेऊन बॉल उचलतात, खिशातून चिल्लर काढावी तसा. मग तो हात परत मागे. व्हायला पाहिजे उलट. बॉल लागल्या लागल्या मिट स्वतः बॉल घेऊन उजव्या छातीकडे, खांद्याच्या जरा खाली यायला हवं, मिटचं तोंड वळत वळत अंगाकडे येतं, आणि उजवा हात तिथे थांबून वाट बघत असतो. हाताने बॉलकडे जायचं नाही, बॉलने हाताकडे यायचं. डावं कोपर यात आपोआप वर येतं आणि सेकंडकडे रोखलं जातं, डावा खांदा बंद होतो, म्हणजे अर्धं वळण मिटच करून देतं. एकदा हे जमलं की पायांचं काम निम्मं होतं.

बॉल पकडायची पद्धत. बॉलवर शिवणीचा जो घोड्याच्या नालासारखा आकार असतो त्याच्यावर बोटं आडवी पडली पाहिजेत, बोटांची टोकं शिवणीवर. असा बॉल सोडला की तो सरळ मागे फिरत जातो आणि रेषेत राहतो, वाकडा धरला तर एका बाजूला वाहत जातो. आता पुस्तकात दोन बोटं वर आणि अंगठा खाली लिहिलेलं असतं. १२ इंच घेराचा बॉल म्हणजे साधारण साडेतीस सेंटिमीटर, १२ वर्षांच्या मुलीच्या हातात तो नारळासारखा वाटतो. दोन बोटांत धरायचा हट्ट केला की तो निसटेल या भीतीने ती तळहातात दाबून धरते आणि तळहातातून सुटलेला बॉल कधीच जोरात जात नाही. तीन बोटं वापरू द्या. तर्जनी, मधलं, अनामिका तिन्ही शिवणीवर, अंगठा खाली मधल्या बोटाच्या समोर, आणि बॉल आणि तळहात यांच्यात थोडी फट. हात मोठा झाला की दोन बोटांवर ती आपोआप येते, मी कोणाला मुद्दाम बदलायला लावलेलं नाही. हात फारच लहान असेल तर घरी सवय करताना ११ इंची बॉल दिला तरी चालेल.

शिवण शोधायला वेळ जातो हे खरं आहे आणि ते फक्त पुनरावृत्तीने जातं. टीव्ही बघताना मिट घालून बसायचं, बॉल मिटमध्ये आपटायचा, मिट छातीकडे, हात आत, शिवण पकड, बाहेर, न बघता. रोज ५० वेळा. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात दहातून तीन वेळा शिवण सापडेल, महिन्याने आठ वेळा. आणि मॅचमध्ये शिवण नाही सापडली तर? तरी फेकायचं. बॉल हातात फिरवत बसणारी कॅचर रनरला बेस स्वतः भेट देते. आणखी एक ट्रिक म्हणजे बॉलवर जाड मार्करने शिवणींच्या मधून गोल एक पट्टा काढा, ती रेघ हवेत सरळ उभी दिसली तर बोटं बरोबर आहेत, डगमगली तर मनगट बाजूला पडतंय. हे मुलीला स्वतःला दिसतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही, आणि बापाच्या ओरडण्यापेक्षा बॉलवरची रेघ पोरी जास्त ऐकतात असा माझा अनुभव आहे. राग मानू नका.

पाय. मी तीन प्रकार शिकवते, पण १२ वर्षांच्या मुलीला आधी एकच. बॉल मिटमध्ये शिरतोय त्याच क्षणी उजवा पाय पुढे आणि शरीराच्या बरोबर मधोमध खाली येतो, जवळजवळ डावा पाय होता त्या रेषेत, आणि पडतानाच आडवा पडतो, म्हणजे घोट्याची आतली बाजू सेकंड बेसकडे. डावा पाय त्याच वेळी उचलला जाऊन सरळ सेकंडच्या दिशेने पडतो. टप-टप, दोनच आवाज. तीन आवाज आले की कुठेतरी जास्तीचं पाऊल घुसलंय. जमिनीवर खडूने प्लेटमधून सेकंडकडे जाणारी सरळ रेघ मारा, उजवा पाय त्या रेघेवर आडवा, डावा पाय त्या रेघेवर पुढे, आणि बॉलशिवाय, मिटशिवाय नुसते पाय करायला लावा. डावा पाय रेघेच्या डावीकडे उघडा पडला की समजा छाती आधीच समोर आली आणि आता सगळा थ्रो एकट्या हाताने जाणार. उजवा पाय नीट आडवा पडला नाही, अंगठा पिचरकडेच राहिला, तर कंबर वळतच नाही. आमच्याकडे कमजोर हात म्हणून पाठवलेल्या दहापैकी सहा-सात मुलींचा रोग हाच असतो, उजवा पाय. कोणी त्या पायाकडे बघतच नाही, सगळे हाताकडे बघतात.

दुसरे दोन प्रकार म्हणजे एकात दोन्ही पाय एकदम उचलून हवेत वळून आडवे पडायचं, ते फार जलद आहे पण त्याला तोल लागतो आणि मुली वर उडतात, पुढे जात नाहीत. दुसऱ्यात उजवा पाय जवळजवळ जागेवरच फिरवून डावा टाकायचा, तो खरंच दमदार हात असलेल्या मोठ्या मुलींसाठी. आत्ता नको.

आणि उभं राहायचं नाही. डोकं ज्या उंचीवर आहे तिथून थोडंसंच वर येईल, गुडघे वाकलेलेच. व्हिडिओमध्ये हेल्मेटवर बोट ठेवून बघा, ते पुढे सरकतंय की वर. वर गेलं की सगळा जोर आभाळात गेला. मी एक दोरी बांधते, तिच्या बसलेल्या डोक्यापासून हातभर वर, दोरीला डोकं न लावता थ्रो करायचा. दोन दिवस कुरकुर करतात, तिसऱ्या दिवशी थ्रो आपोआप खाली येतो.

आता हाताकडे या. बॉल मोठा आणि जड, १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान, त्यामुळे लहान मुली थ्रो करत नाहीत, गोळाफेक करतात. बॉल कानाजवळ, कोपर खाली बरगडीपाशी, आणि तिथून ढकलायचा. याला एक कारण आपण मोठी माणसंच असतो, ‘कानापासून मार, कानापासून मार’ असं ओरडतो. कॅचरचा हात लहान फिरतो हे बरोबर, लांबून फेकणाऱ्या आउटफिल्डरसारखा मांडीपर्यंत खाली नेऊन फिरवायला वेळ नाही, पण म्हणून हात कानालाच चिकटवायचा नसतो. बॉल छातीपाशी हातात आला की हात वर-मागे जातो, कोपर खांद्याच्या रेषेत येतं, बॉल डोक्याच्या मागच्या बाजूला, आणि तिथून कंबर वळायला लागली की हात मागे राहतो, मग गोफणीसारखा सुटतो. गोफणीत दगडाला कोणी ढकलत नाही ना, दोरी फिरते आणि दगड तिच्यामागून येतो, तसं कंबर आधी, छाती नंतर, हात सगळ्यात शेवटी. ‘कोपर वर’ असंही मी फारसं म्हणत नाही कारण मुली मग खांदाच कानाकडे उचलतात आणि मान आखडते. त्यापेक्षा सांगते, दोन्ही कोपरं एका रेषेत, खांद्यामागची दोन चपटी हाडं एकमेकांना लावायचा प्रयत्न कर. ते त्यांना समजतं.

डाव्या हाताचं काय करायचं हे कोणी शिकवत नाही. मिट बाजूला झटकलं की डावा खांदा उघडतो आणि छाती लवकर फिरते. मिट छातीकडे ओढून आणायचं, छातीने मिटला भेटायला जायचं. आणि सुटल्यावर उजवा पाय पुढे यायलाच हवा. पाय मागेच राहिला तर अंगाचं वजन मागेच राहिलंय. एक साधा सराव म्हणजे उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढे, १०-१२ मीटरवरून फक्त वरचं अंग, कोपर आणि बोटांवर लक्ष. पाय बाद केले की हाताची चूक उघडी पडते. पण हा सराव दहा थ्रोच्या वर नको, पायांशिवाय जोर लावायला लागल्या की खांदा भरून येतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाहीये पण मला दाट संशय आहे. थ्रो उंच जातो म्हणालात ना? पिचर उभी कुठे असते, होम आणि सेकंडच्या बरोबर रेषेत, या वयात ४० फुटांवर. तिच्या डोक्यावरून थ्रो न्यायचा असतो. मुलींना मनातून भीती असते की मैत्रिणीच्या तोंडावर बसेल, आणि त्या नकळत बॉल वरून टाकतात. तुम्ही कितीही मेकॅनिक्स सुधारा, ही भीती असेल तर थ्रो कमान मारूनच जाणार. मुलीला विचारून बघा, थेट नका विचारू, प्रॅक्टिसमध्ये पिचरशिवाय थ्रो घ्या आणि पिचरसकट घ्या, फरक दिसेल. उपाय सोपा आहे, रनर पळाली की पिचरने खाली बसायचं किंवा बाजूला व्हायचं, हे पिचरलाही शिकवायला हवं, आणि कॅचरला सांगायचं की पिचरच्या टोपीच्या उंचीवरून मार. शॉर्टस्टॉपकडे एक टप्पा पडून गेलेला जोरदार थ्रो हवेत तरंगत गेलेल्या थ्रोपेक्षा कधीही लवकर पोचतो. एक टप्पा म्हणजे नापास नाही, हे तिला स्पष्ट सांगा. दोन टप्पे म्हणजे अजून काम बाकी आहे, एवढंच.

आणि थ्रो बेसवर मारायचा, माणसावर नाही. शॉर्टस्टॉप धावत येत असते, कॅचर तिची वाट बघत बसली की बॉल हातात दोनदा हलतो आणि गेलं. लक्ष्य म्हणजे बेसची पहिल्या बेसकडची कड, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे बॉल आणि रनर दोघी एकाच ठिकाणी येतात. शॉर्टस्टॉप उशिरा आली आणि बॉल मागे सेंटर फील्डला गेला तर तो कॅचरचा दोष नाही. प्रेक्षकांत बसून ‘अगं काय करतेस’ म्हणणारे काका-काकू असतातच, त्यातले तुम्ही नका होऊ.

बॉल कुठे चुकतो त्यावरून कारण शोधता येतं. सारखा उंच आणि पहिल्या बेसच्या बाजूला जात असेल तर डावा खांदा लवकर उघडतोय आणि हात मागे रेंगाळतोय. तिसऱ्या बेसच्या बाजूला खेचला जात असेल तर डोकं डावीकडे पडतंय, डावा पाय रेघ ओलांडून आडवा पडलाय का ते बघा. फक्त उंच, बाकी सरळ, तर वजन मागे. आणि सरळ पण मरगळलेला, तर बॉल तळहातात आहे. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करायची बरं का. पाय, कोपर, मिट, डोकं सगळं एकदम सांगितलं की पोरगी दगडासारखी उभी राहते, हे मी स्वतः करून बसलेय सुरुवातीच्या काळात, एका चांगल्या कॅचरचा आख्खा सीझन मी बोलून बोलून खराब केला.

किती करायचं? आठवड्यात तीन दिवस, अर्ध्या तासाच्या आत. आधी अंग गरम, धावणं, खांदे-मनगट मोकळं करणं, मग १० मीटरवरून हळू फेकाफेकी. त्यानंतर १० मिनिटं बिनबॉलची पावलं आणि मिट-हात. मग जाळीवर ४-५ मीटरवरून सगळी हालचाल पूर्ण वेगाने पण निशाण्याची चिंता न करता. आणि सगळ्यात शेवटी सेकंडला पूर्ण जोराने १२-१५ थ्रो, बस. दमल्यावर मारलेला प्रत्येक थ्रो चुकीची सवय पक्की करतो. लांबचे थ्रो करायला हरकत नाही पण अंतर तेवढंच, जिथपर्यंत ती पावलं न बिघडवता आणि कमान न मारता टाकू शकते. जड बॉलचे जे प्रोग्रॅम दिसतात ते या वयात माझ्या मुलींना मी करू देत नाही. ताकदीसाठी स्क्वॉट, लंज, प्लँक, आणि रबर बँड मागे ओढायचे व्यायाम, पाठ आणि खांद्याचा मागचा भाग. पुशअप वाईट नाहीत, पण ते ढकलण्याचे स्नायू आहेत आणि आपल्याला नेमकी ढकलण्याचीच सवय मोडायचीय.

सगळ्यात फुकटचा सराव मात्र सगळे वाया घालवतात, तो म्हणजे पिचरला बॉल परत देणं. एका मॅचमध्ये शंभरएक वेळा कॅचर पिचरकडे बॉल टाकते. गुडघ्यावर बसल्या बसल्या, मनगटाने, कसातरी. म्हणजे शंभर वेळा चुकीची गोळाफेक आणि सेकंडला मारायची वेळ येते तीनदा. हात काय लक्षात ठेवणार? जोर लावायचा नाही, पण उठायचं, उजवा पाय आडवा, शिवण शोधायची, कोपर रेषेत, हळू टाकायचा. महिन्याभरात फरक दिसतो, दुसरं काहीही केलं नाही तरी.

याच शंभर थ्रोंमुळे एक धोका पण आहे. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा आणि लिगामेंटपेक्षाही कच्ची, आणि पुन्हा पुन्हा ताण आला की तिथेच दुखणं सुरू होतं. टूर्नामेंटमध्ये एका दिवसात तीन-तीन मॅच एकच कॅचर करते, पिचर बदलतात, कॅचर नाही. कोपराच्या आत दुखतंय, खांद्याच्या वरच्या बाजूला दुखतंय, किंवा दुसऱ्या दिवशीही दुखतंय असं ती म्हणाली तर थ्रो बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर, स्प्रे मारून खेळवायचं नाही. नुसते स्नायू भरून येणं वेगळं, ते पूर्ण दंडात पसरलेलं असतं आणि दोन दिवसांत जातं. बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं वेगळं. कूर्चेचं दुखणं वेळेत पकडलं तर काही आठवडे किंवा दोन-तीन महिने विश्रांती, दुर्लक्ष केलं तर प्रकरण लांबतं. संघात दुसरी कॅचर तयार करा असं कोचना सांगा, ते ऐकणार नाहीत, तरी सांगा.

तिसऱ्या बेसचा थ्रो थोडक्यात. उजव्या हाताची बॅटर मध्ये उभी असते, बॉल आत आला तर तिच्या मागून जागा करायची, म्हणजे उजवा पाय डाव्याच्या मागून टाकायचा, बॉल बाहेर आला तर तिच्या पुढून. आंधळेपणाने बॅटरमधून मारायचा नाही. पहिल्या बेसला बंटनंतर (बॅटने हळूच टेकवलेला बॉल) मारताना आधी दोन पावलं मैदानात, रेषेच्या आत, म्हणजे रनरच्या पाठीत बॉल बसत नाही. आणि गुडघ्यावरून सेकंडला मारणाऱ्या मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ तिने बघितले असतील, तिला करून बघायचं असणार, दोन-चार वर्षं नाही म्हणा. गुडघ्यावर पाय बाद होतात आणि सगळा भार त्याच कोपरावर येतो.

शेवटी तिचं सामान एकदा बघून घ्या. चेस्ट प्रोटेक्टर मोठा आहे का, दोन वर्षं टिकेल म्हणून एक साइज मोठा घेतलेला असतो बऱ्याचदा, उजव्या खांद्यावरचा फ्लॅप काखेत रुततो आणि कोपर वरच येत नाही, मग आपण महिनोन् महिने ‘कोपर वर’ ओरडत बसतो. हात पूर्ण वर-मागे नेऊन बघायला सांगा, कापड अडतंय का. तो फ्लॅप काढता येत असेल तर काढून ठेवा. लेगगार्डची बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला हवीत, आतल्या बाजूला असली की वळताना एकमेकांत अडकतात. मिट इतकं कडक नको की बॉल मिटच्या मधल्या खोलगट भागात न राहता कडेवर अडकेल, शिवण मग काय सापडणार. हे आज संध्याकाळीच तपासा, पाच मिनिटं लागतील, आणि मग बाजूने काढलेला तो व्हिडिओ बघताना उजव्या पायापासून सुरुवात करा.